'ॲ'साठी एक विनंती-अर्ज

कुंभिवलीच्या वडीलधाऱ्यांच्या हकिकती मी ब्लॉगवर उतरवून ठेवतो. परवा आजीने आईच्या कॉलेजातील 'ॲडमिशन'ची हकिकत वाचायला सांगितली; शोधले तर सापडेना! कारण मोठे मौजेचे आहे. दिसायला 'ॲ' एकच, पण संगणकाच्या लेखी त्याची रूपे दोन. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. तोवर 'अ'ला अदृश्य जोडचिन्ह व चंद्र लावून काम भागवीत. माझा जुना कळफलक अजून तेच करतो. शासनानेही २००९ च्या निर्णयाने हा स्वर वर्णमालेत घेतला. म्हणून ब्लॉग चालविणाऱ्यांना मी लिहिले : "शोधताना दोन्ही रूपे एकच माना." उत्तर अद्याप नाही. मित्रहो, तुम्हीही लिहा. तोवर आजीसाठी ती हकिकत मी वहीत उतरवून ठेवली आहे.