भीमेच्या खोऱ्याचे दोन नकाशे

भीमेचं खोरं कागदावर उतरलं ते आधी शेतसाऱ्यासाठी. 1820च्या दशकाअखेरीस ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी केलेली मोजणी फसली होती. मग 1835-36मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली आणि लवकरच ती पद्धत सोलापूरकडच्या तालुक्यांतही आली. हत्यार साधं, 33 फुटांची साखळी. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस म्हणजे एकर. मातीचा रंग आणि खोली बघून प्रतवारी ठरे. टिपणं, फाळण्या, गाव नकाशे हे सगळं त्या कामातून आलं. बांधावरून भांडण झालं की आजही माणूस मोजणी कार्यालयात तेच काढायला जातो.

पण गाव नकाशा शिवेपाशी थांबतो, आणि त्यात चढउतार नसतो. पाणी कुठून कुठे वाहतं हे कळायला भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट लागते. तिच्यामागे लॅम्टनने 1802मध्ये मद्रासेकडून सुरू केलेलं त्रिकोणमापन आहे. डोंगरमाथ्यावरचे बिंदू आधी पक्के करायचे, मग फलकयंत्र मांडून मधला मुलूख जागेवरच काढायचा.

47 ओ/6 ही पंढरपूरची शीट. इथे भीमेला चंद्रभागा हे नाव ज्या वळणामुळे पडलं, ते तिच्यावर बघावं. सोलापूर जिल्हा सपाट, म्हणून तपकिरी समोच्च रेषा विरळ आणि दूरदूर. मला मात्र काळ्या रेषा अधिक बोलक्या वाटतात. टोपोशीटवर बारमाही पाणी निळं, कोरडे ओढे काळे. सोलापूरच्या शीटवर काळ्या ओढ्यांचं जाळं दिसतं. अवर्षण म्हणजे काय, हे इतक्या थेट सांगणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पाणलोटाचं काम करणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा कागद हवाच.

1980मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं. करमाळा, माढा, इंदापूरकडची काठची शेतं आणि गावठाणं पाण्याखाली गेली. जुनं पळसदेवही त्यांतलंच. 2017पासून 1:50,000 प्रमाणाचे नकाशे सर्वेक्षण विभागाच्या 'नक्शे' संकेतस्थळावर मोफत मिळू लागले, ही मोठीच सोय. पण आजच्या नकाशात बुडालेल्या गावांच्या जागी जलाशयाचा निळा रंग आहे. आजोबांचं गाव भीमेच्या कोणत्या वळणावर होतं, वाट कुठून उताराला लागायची, हे नातवाला बघायचं असेल तर धरणाआधीची, इंचाला मैल प्रमाणाची शीटच शोधावी लागते.