संगणक सुरू होत नाही? ‘फॉरमॅट’आधी थांबा

प्रकल्प सादर करायला दोन दिवस उरलेले. लॅपटॉपचे बटण दाबले आणि काळ्या पडद्यावर फक्त दोन शब्द उमटले : ‘ग्रब रेस्क्यू’. नांदेडच्या विष्णुपुरीतील वसतिगृह असो की लातूरमधील भाड्याची खोली, एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स ठेवणाऱ्या विद्यार्थ्यावर ही वेळ येऊ शकते. घाबरून दुकान गाठले, की अनेकदा सल्ला मिळतो : ‘फॉरमॅट मारावे लागेल.’ या सल्ल्याने मात्र शाबूत असलेले वर्षभराचे कामही पुसले जाऊ शकते.

बटण दाबले तेव्हा संगणकाची कामचलाऊ स्मृती, म्हणजे रॅम, कोरी असते. विंडोज किंवा लिनक्स डिस्कवर असते. पण ते तिथून उचलून रॅममध्ये आणायचे कोणी? मदरबोर्डवरील चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायम असतो. जुन्या यंत्रांत तो ‘बायोस’, नव्या यंत्रांत ‘यूईएफआय’. तो यंत्राची प्राथमिक तपासणी करतो आणि पुढचे काम बूटलोडरकडे सोपवतो. जुन्या पद्धतीत बूटलोडरच्या पहिल्या टप्प्याला डिस्कच्या ५१२ बाइटच्या पहिल्या कप्प्यातील जेमतेम ४४६ बाइट मिळत. म्हणून उरलेला भाग डिस्कवर दुसरीकडे ठेवावा लागे. नव्या पद्धतीत बूटलोडरसाठी डिस्कवर वेगळा छोटा विभागच असतो.

लिनक्सच्या जगात सर्वाधिक परिचित बूटलोडर म्हणजे ग्रब. लातूर रोड जंक्शनवर सांधा बदलला, की गाडी लातूरकडे, परळीकडे किंवा उदगीरकडे जाते. ग्रबचे काम तसेच आहे. तो यादी दाखवतो, निवड विचारतो आणि हव्या त्या प्रणालीकडे सूत्रे देऊन बाजूला होतो. सांधा बिघडला म्हणून पुढचे गाव नाहीसे होत नाही.

एरिक बोलेन यांनी १९९५मध्ये ग्रब लिहायला सुरुवात केली. पुढे तो मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाचा भाग झाला. त्याचा कोड कोणालाही वाचता आणि दुरुस्त करता येतो. जुलै २०२०मध्ये त्यात ‘बूटहोल’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. त्यानंतर अनेक कंपन्यांच्या आणि लिनक्स गटांच्या तंत्रज्ञांनी कोड पुन्हा तपासला. आणखी त्रुटी सापडल्या आणि त्याही दुरुस्त झाल्या.

मग ग्रब अडतो कशाने? बरेचदा विंडोजमधून ‘जागा मोकळी करू’ म्हणून लिनक्सचा विभाग पुसला जातो आणि त्याबरोबर ग्रबच्या फाइलीही जातात. अपडेट चालू असताना वीज जाते. कधी विंडोजच्या अपडेटनंतर सुरू होण्याचा क्रम बदलतो. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटमुळे दोन प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते.

उपाय पायरीपायरीने करावा. आधी यूईएफआयच्या सेटिंगमध्ये क्रम पाहावा. विंडोज वर गेले असेल, तर लिनक्सची नोंद पुन्हा पहिली केली तरी काम भागते. नाही भागले, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू करावे. डिस्कवरील फाइली दिसल्या, तर सर्वप्रथम त्यांची प्रत बाहेर काढावी. लिनक्सचा विभाग शाबूत असेल, तर त्यानंतर ग्रब पुन्हा बसवावा. तो पुसला गेला असेल, तर यूईएफआयमधून विंडोज निवडून सुरू होते का ते पाहावे. विंडोजवर ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल, तर सेटिंग बदलण्याआधी त्याची रिकव्हरी की हाताशी हवी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ती दिसतच नसेल, तर दोष बूटलोडरचा नाही; प्रयोग न करता जाणकाराकडे जावे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या अनेक जुन्या यंत्रांना लिनक्सचा पर्याय आहे, त्यामुळे ग्रबची गाठ आता आणखी घरांत आणि शाळांत पडेल. लिनक्स बसवण्याआधी फाइलींची एक प्रत आणि लिनक्सचा एक पेनड्राइव्ह बाजूला ठेवला, तर काळा पडदा दिसला तरी काम जात नाही. फार तर एक संध्याकाळ जाते.