उन्हाची टोपी, कामाची टोपी

पस्तीस वर्षे मी बेळगाव परिसरात बांधकामावर सुपरवायझर होतो. सकाळी कामावर गेलो की पहिले वाक्य ठरलेले, "हेल्मेट घाला रे!" मंडळी घालायची. माझी पाठ फिरली की हेल्मेट खिळ्यावर आणि डोक्याला टॉवेल!

एका चैत्रात भर दुपारी वरच्या मजल्यावरून सळईचा तुकडा निसटला आणि खाली सळई बांधणाऱ्या पोराच्या डोक्यात बसला. अकरा टाके पडले. जीव वाचला, हे नशीब. त्याचे हेल्मेट चार हातांवर टांगलेले होते. दवाखान्यात मी त्यालाच बोललो. तो एवढेच म्हणाला, "मान भाजतीया साहेब." मी ते कानाआड केले.

ते वाक्य पुन्हा आठवले ते थेट अमेरिकेत. निवृत्तीनंतर आम्ही दोघे लेकीकडे टेक्सासमधल्या ह्यूस्टनला गेलो होतो. जून महिना, घामाने अंग चिकचिकणारे ऊन. जावई बांधकाम क्षेत्रातले. माझी जुनी खोड ओळखून त्यांनी एक दिवस साइट दाखवायला नेले. फाटकातच एक मुकादम उभा. डोक्यावर रुंद काठाची, दोन्ही बाजूंना वर वळलेली पांढरीशुभ्र काऊबॉय टोपी!

"जावईबापू, इथेही मुकादमाला हेल्मेट माफ दिसतंय," मी म्हणालो.

जावई हसले. "मामा, तेच हेल्मेट आहे. वाजवून बघा."

मुकादमाने हौसेने टोपी काढून हातात दिली. टकटक केले, तर कडक प्लॅस्टिक. आत नेहमीसारखे आडवेउभे पट्टे, मागे आवळायची चकती. कवच आणि डोके यांच्यामध्ये मोकळी जागा. हेल्मेटचे खरे काम या जागेतच चालते. वरून वस्तू पडली की पट्टे ताणले जातात, धक्का पसरतो आणि एका जागी बसत नाही.

ही नुसती नटवेगिरी असेल असे मला वाटले होते. पण आमच्या साध्या हेल्मेटला पुढे वीतभरही नसलेली झडप असते; मान आणि कान उघडेच. या टोपीची सावली चारही बाजूंनी पडते. टेक्सासच्या माणसाला काऊबॉय टोपी म्हणजे आपल्याकडच्या फेट्यासारखी, घराण्याच्या मानाची. जॉन स्टेटसन यांनी १८६५ मध्ये रुंद काठाची टोपी बाजारात आणली तीही ऊन, वारा, पाऊस झेलण्यासाठीच.

घरी आल्यावर या विषयाचा नाद लागला. वाचत गेलो तेव्हा कळले, की कडक टोपीचा जन्मच मुळी असा झाला आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एडवर्ड बुलार्ड यांनी सैनिकांच्या शिरस्त्राणावरून १९१९ मध्ये कॅनव्हास, सरस आणि वाफ वापरून कामगारांसाठी टोपी बनवली. पुढे १९३१ मध्ये कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले. कड्यावरून दगड कोसळत. तेव्हा कामगारांनी आपल्या रोजच्याच कापडी टोप्या डांबरात बुडवून, वाळवून कडक केल्या. १९३३ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन गेट पुलाच्या कामावर मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी कडक टोपी सक्तीची केली.

धरणावरच्या त्या कामगारांनी आपली सवयीची टोपी सोडली नाही, तिलाच कडक केले, हे मला फार भावले. मी पस्तीस वर्षे "घाला" म्हणत राहिलो, "का काढता?" असे एकदाही विचारले नाही.

अर्थात दिसायला काऊबॉय म्हणून कोणतीही टोपी चालत नाही. जत्रेतल्या खेळण्याच्या टोप्याही लांबून तशाच दिसतात. अमेरिकेत आत 'झेड ८९.१' या मानकाची खूण पाहतात, आपल्याकडे हेल्मेटवर 'आयएस २९२५' आणि आयएसआय खूण पाहावी. तिथल्या मानकात टाइप १ची टोपी माथ्यावरच्या आघातासाठी असते. बाजूने मार बसण्याची भीती असेल तर टाइप २ लागते. अॅल्युमिनियमच्या टोपीतून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांजवळ ती नकोच. काठ रुंद असल्याने अडचणीच्या जागी टोपी अडकते, वरचे नीट दिसत नाही, कानावरचे आवाजरोधक बसवायलाही अडचण होते. मोकळ्या आवारात मात्र ती बरी.

आणि आपल्या मंडळींसाठी दोन गोष्टी. टॉवेलाची जाड गुंडाळी करून वर हेल्मेट ठेवू नका; पट्टे डोक्यावर नीट बसत नाहीत, मधली जागा भरून जाते. हवेसाठी भोकेही पाडू नका. मान झाकायला हेल्मेटच्या मागे लावायची कापडी झालर मिळते. कवच फिके, ठिसूळ झाले किंवा त्याला एकदा जोराचा मार बसला, तर मोह न धरता बदला.

येताना मी तशी एक टोपी आणली, त्या अकरा टाक्यांच्या पोरासाठी. तो आता स्वतः सेंट्रिंगचा मेस्त्री आहे, हाताखाली चौदा माणसे. त्याने टोपी हातात घेतली, उलटी करून आधी आतले पट्टे ओढून पाहिले, मग डोक्यावर चढवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो हसला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, एकच आणलीसा व्हय? ह्या चौदा जणांचं काय?"

उत्तर माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात गेलो आणि सुती कापड घेऊन शिंप्याकडे चौदा झालरी शिवायला टाकल्या. इलॅस्टिकच्या, हेल्मेटच्या कडेवर ओढून बसणाऱ्या. परवा भर दुपारी, न सांगता, त्यांच्या कामावर डोकावलो. खिळ्यावर दोनच हेल्मेट होती. त्या दोघांना मी रागावलो नाही. जवळ बसलो आणि विचारले, "का रे काढलंत?"