अकरावीचा विषय बदलायचा असेल तर



पेरणीनंतर उगवण विरळ दिसली, तर आपण आठ-दहा दिवसांत नांगे भरून घेतो. महिन्याने भरले तर ते रोप मोठ्या रोपांच्या सावलीतच राहते. अकरावीतल्या विषयबदलाचेही तसेच आहे. करायचा तर सुरुवातीलाच करावा.

शेजारच्याने विज्ञान घेतले म्हणून आपणही मुलाला ते घ्यायला लावतो. एस.टी.ची वेळ जुळते म्हणून मुलीला जवळच्या कॉलेजात घालतो. दोन महिन्यांत पोर गप्प होते. डबा घेऊन निघते, पण तासाला बसत नाही. विचारले तर ‘काही नाही’ म्हणते. रागावण्यापूर्वी जवळ बसवून विचारा. एखादाच विषय जड जातो, की सगळी शाखाच नकोशी आहे?

एकच विषय जड असेल, तर शाखा सोडण्याचे कारण नाही. विज्ञानात गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक सोडून, कॉलेजात शिकवला जाणारा दुसरा विषय घेता येतो. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी सचिवीय कार्यपद्धती घेता येते. काही कॉलेजांत पीकशास्त्र किंवा पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय असे २०० गुणांचे द्विलक्षी विषय असतात. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी ते घेतात.

मग आपण कॉलेजात जातो आणि उत्तर मिळते, ‘होत नाही.’ तेवढ्यावर परत फिरू नका. का होत नाही, ते नम्रपणे विचारा. कारणे बहुधा दोन असतात आणि दोहोंचे उपाय वेगळे आहेत.

पहिले कारण, जागा नाही. तुकडीला ठरावीक मुलेच घेता येतात. प्रयोगशाळेत टेबले आणि साहित्य मोजकेच, म्हणून प्रात्यक्षिकाला मुलांच्या छोट्या तुकड्या पाडतात. तिथे आणखी एक मूल बसवणे खरोखर अवघड असते. पण जागा रिकाम्याही होतात. तंत्रनिकेतनात किंवा आय.टी.आय.मध्ये नंबर लागला की काही मुले अकरावी सोडून जातात. म्हणून अर्ज देऊन ठेवा, पोच घ्या आणि आठवड्याने पुन्हा चौकशी करा. तुमच्या मुलाला नको असलेला विषय दुसऱ्या कुणाला हवा असेल, तर दोघांनी मिळून अदलाबदलीची विनंती करावी.

दुसरे कारण, वेळापत्रक जमत नाही. कॉलेजात ऐच्छिक विषयांचे गट असतात. एका गटातले विषय एकाच तासाला, वेगवेगळ्या खोल्यांत चालतात. गणित आणि सचिवीय कार्यपद्धती एकाच तासाला असतील, तर बदल सोपा. मूल फक्त खोली बदलते. पण हवा असलेला विषय दुसऱ्याच तासाला, मुलाच्या दुसऱ्या एखाद्या विषयाच्या वेळी असला, की अडते. अशा वेळी वेळापत्रकाचा कागद मागून घ्या आणि मुलाला घेऊन वर्गशिक्षकांजवळ बसा. आणखी एक विषय बदलला तर जमते का? दुसऱ्या तुकडीत गेले तर जमते का? पुष्कळदा यातून वाट निघते. तुकडी बदलणार असेल, तर ती अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे आधी विचारा. फीमध्ये फरक पडतो.

बदलण्यापूर्वी पुढच्या वाटाही पाहा. डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान लागते. एन.डी.ए.तून हवाई दलात किंवा नौदलात जायचे, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. सुटलेला विषय कायमचाच गेला, असे मात्र नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली जाहीर केले, की बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेल्यालाही ‘नीट’ला बसता येईल. मात्र त्यात वेळ आणि पैसा जातो.

बदल मंजूर झाला, की बुडालेले धडे आणि प्रात्यक्षिकाची वही मागे लागून पुरी करून घ्या. बारावीत गेल्यावर बदल फार अवघड होतो. तिथे परीक्षेचा अर्ज मंडळाकडे जातो, त्यावर सही करण्यापूर्वी एकेक विषय मुलाकडून वाचून घ्या.

मुलीच्या बाबतीत एक सांगणे आहे. हवा तो विषय लांबच्या कॉलेजात मिळत असेल, तर भाड्याचे कारण पुढे करू नका. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे. गाडीची वेळ जुळत नसेल, तर चार पालकांनी मिळून आगारात अर्ज द्यावा.

तेव्हा हा अंक वाचून झाला, की आज रात्री जेवताना पोराला एवढेच विचारा, ‘कॉलेजात कसे चालले आहे?’ आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका.