शंक्वाकृति चंबू व कडधान्याचें जंतुसंवर्धन

तूर, हरभरा, भुईमूग यांच्या बियाण्यास पेरणीपूर्वीं चोळावयाची रायझोबियम जंतूंची पुडी आमच्या पुष्कळ वाचकांस परिचित असेल. परंतु ती कशी तयार होते हें ठाऊक नसल्यानें तिची हेळसांड होते. म्हणून ज्या काचेच्या चंबूंत हे जंतु प्रथम वाढवितात त्याची थोडी माहिती येथें देतों.

हा चंबू तळाशीं रुंद व वर निमुळता असतो. एर्लेनमायर नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८६० सालीं तो प्रसिद्ध केला. रुंद तळामुळें आंतील द्रव पातळ थरांत पसरून त्यास पुष्कळ हवा लागते. अरुंद तोंडांत कापसाचा बोळा घट्ट बसतो; त्यांतून हवा जाते, परंतु धुळीबरोबर येणारे परके जंतु अडतात.

रायझोबियम जंतूंस वाढीकरितां हवा अवश्य पाहिजे. यास्तव चंबू गळ्यापर्यंत कधींहि भरीत नाहींत. यीस्टचा अर्क, मॅनिटॉल नांवाचा साखरेसारखा पदार्थ व कांहीं क्षार यांचें पाणी त्याच्या पांचव्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंतच घालतात. मग बोळ्यासकट तो चंबू दाबाच्या वाफेंत १२१ अंश सेंटिग्रेडवर १५ ते २० मिनिटें ठेवून आंतील सर्व जंतु मारतात. निवाल्यावर ज्योतीजवळ शुद्ध जंतूंचें विरजण लावून, चंबू २८ ते ३० अंशांवर यंत्रानें सारखा हलवीत ठेवितात. तीनचार दिवसांत द्रव गढूळ होतो. भुईमुगाचे जंतु मंद असल्यानें त्यांस अधिक दिवस लागतात. परका जंतु शिरला तरीहि द्रव गढूळच दिसतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी केल्यावांचून पुढें जात नाहींत. नंतर मोठ्या पात्रांत वाढवून तो लिग्नाइटसारख्या भुकटींत मिसळतात व पुड्या भरतात.

एका सालीं आम्हीं अशी पुडी आठ दिवस खिडकींत उन्हांत ठेविली, आणि हरभऱ्याच्या मुळांवर गांठी तुरळक दिसतांच दोष पुडीस दिला. आंतील जंतु आम्हींच मारले होते हें मागाहून उमगलें.

सबब पुडीवरील मुदत व पिकाचें नांव पाहून घ्यावें. ती थंड जागीं ठेवावी. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड पाण्यांत कालवून हलक्या हातानें चोळावें, सावलींत सुकवावें व लगेच पेरावें. बुरशीनाशक लावणें झाल्यास तें आधीं लावावें. सुमारें महिन्या-सव्वा महिन्यानें एखादें झाड मातीसकट उपटून मुळावरील गांठ कापून पाहावी. ती आंतून गुलाबी असल्यास जंतु काम करीत आहेत असें खुशाल समजावें.