दोन चाकांवरचा मुक्काम

दसरा-दिवाळी उरकली की पाथरी, सोनपेठ, माजलगावच्या रस्त्यांवर बिऱ्हाडे दिसू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, पाण्याचा ड्रम, कोपीची ताडपत्री, पिठाचे डबे आणि सगळ्यांच्या वर बाज. त्याच सुमारास, त्याच रस्त्याने दुसराही एक प्रवासी जातो. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर तंबू आणि स्लीपिंग बॅग बांधून तो हौसेने निघालेला असतो. एकाचा प्रवास पोटासाठी, दुसऱ्याचा आनंदासाठी. दोघांना एका तागडीत घालता येणार नाही. पण उघड्या रानात राहायचे तर काय सोबत घ्यावे आणि काय घरी ठेवावे, ही जाण पहिल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुसरा मात्र ती लडाखच्या व्हिडिओंतून शोधतो. मराठवाड्यात मुक्काम करायचा तर सामानाची यादी मराठवाड्याच्याच मातीवरून, हवेवरून आणि रस्त्यांवरून ठरवायला हवी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

जुनी वाट, नवे स्वार

दोन चाकांवर घर घेऊन निघण्याची मुंबईची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. ऑक्टोबर 1923 मध्ये काही पारशी तरुण मुंबईतून सायकलवर जग पाहायला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा 1928 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. पुढे इंग्लंडच्या टेड सायमन यांनी 1973 ते 1977 अशी चार वर्षे ट्रायम्फ मोटारसायकलवर जग पालथे घातले. त्यात भारतही होता.

आपल्याकडे मोटारसायकल खेड्यात पोचली ती राजदूत, येझदी आणि बुलेटच्या रूपाने, पण घरोघरी झाली ती नंतर. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी 100 बाजारात आली. लिटरमागे जास्त पळणारी हलकी गाडी शेतकऱ्याच्या हाती आली, आणि तालुक्याचा बाजार, शेत, सासुरवाडी हे सगळे तिच्यावर होऊ लागले. आज पाथरीतला मुलगा लांबच्या प्रवासाचा विचार करतो, तेव्हा त्याच्या मागे या चाळीस वर्षांची सवय असते.

अलीकडच्या काळात रमिला लटपटे 2023 साली नऊवारी नेसून मुंबईहून जगप्रवासाला निघाल्या. 2025 मध्ये योगेश आळेकरी चाकणला बनलेल्या केटीएमवर सतरा देश ओलांडून इंग्लंडात पोचले. तिथे ऑगस्टअखेर नॉटिंगहॅममध्ये त्यांची गाडी चोरीला गेली, आणि गाडीसोबत पासपोर्टसह जवळजवळ सगळे सामान गेले. पुढे तिथल्याच एका गाडीविक्रेत्याने त्यांना दुसरी मोटारसायकल देऊ केली. मन हेलावणारी ही घटना प्रत्येक स्वाराने लक्षात ठेवावी. कागदपत्रे, थोडी रोकड, औषधे आणि एक फोन गाडीवर न ठेवता अंगावर असावेत. देशात फिरताना लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण बॅटरी संपलेला फोन कुणालाच काही दाखवू शकत नाही. म्हणून झेरॉक्स प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवाव्यात.

ओझे कसे बांधावे

ओझे बांधायचे शिकायचे असेल तर सकाळी दूध घालायला येणाऱ्या माणसाची गाडी नीट पाहावी. कॅन मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितके खाली. दोन्हींत दूध साधारण सारखे. मधे सीटवर काही असलेच तर हलके. वर्षानुवर्षे खड्ड्यांतून जाऊन आलेले हे शहाणपण आहे, आणि मोटारसायकलचे शास्त्रही हेच सांगते. वजन खाली आणि दोन चाकांच्या मधे हवे. जड पिशवी मागच्या कॅरियरच्या टोकाला बांधली की पुढचे चाक हलके होते, हँडल डुलू लागते आणि पुढचा ब्रेक नीट धरत नाही.

म्हणून हत्यारे, पाणी, स्टोव्ह खाली बाजूच्या बॅगांत. तंबू आणि अंथरूण वर. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या वजनात स्वारही धरलेला असतो, हे विसरू नये. भार वाढला की मागच्या टायरची हवा पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वाढवावी. बंजी दोरी हलक्या सामानापुरती ठीक. जड वस्तूला बकलचा पट्टा हवा, आणि पट्ट्याचे लोंबते टोक चेनमध्ये जाणार नाही असे खोचून ठेवावे. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायचे, कारण सामान तेवढ्यात दबते.

हत्यारांच्या पिशवीत पंक्चर किट आणि छोटा पंप हवाच. स्पोकच्या चाकात ट्यूब असते. तिला ट्यूबलेसचे किट चालत नाही. जादा ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या लागतात. सोबत क्लच केबल, प्लग, फ्यूज आणि चेनचे तेल.

काळी माती, थंडी आणि मण्यार

पाथरीचा शिवार काळ्या मातीचा. ती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते. ओली असताना चाक आणि मडगार्डच्या मधे लगदा अडकतो आणि गाडी जागची हलत नाही. काडीने माती खरवडावी लागते. म्हणून पाऊस झाला असेल तर डांबरी सोडून शेतरस्त्याला लागू नये. कोरडी असताना तंबूच्या तारेच्या खुंट्या भेगेत सैल पडतात. इथे आपल्या काठ्यांवर स्वतः उभा राहणारा घुमटाकार तंबू आणि लांब, रुंद पात्याच्या खुंट्या उपयोगी. साइड स्टँडखाली ठेवायला फळीचा हातभर नव्हे, तळहाताएवढा तुकडा न्यावा. तो नसला तर रात्रीतून स्टँड रुततो आणि गाडी तंबूवर आडवी होते.

थंडीला कमी लेखू नये. परभणीच्या कृषी विद्यापीठात काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांखाली गेल्याची नोंद आहे. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमाने छापलेली असतात. त्यांतले 'कम्फर्ट' पाहून घ्यावे, सर्वांत खालचा आकडा जीव वाचण्यापुरता असतो. गारठा मुख्यतः जमिनीतून येतो, म्हणून खालची चटई पांघरुणाइतकीच महत्त्वाची. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तंबूचा मोह सोडावा.

तिसरी गोष्ट मण्यार. हा साप रात्री फिरतो, जमिनीवरच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा झोपलेल्याला कळतही नाही. म्हणून तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबू ही आपल्याकडे चैन नाही. बूट आत घ्यावेत, बॅटरी उशाशी असावी. दंशाची शंका आली तरी चिरणे, आवळून बांधणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावे.

जेवण आणि जागा

जेवणाचे सामान मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात तयारच आहे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा दोन दिवस सहज निघतात. स्टोव्ह चहापुरता पुरे. वाळलेल्या पिकाजवळ जाळ करू नये. एका ठिणगीत शेतकऱ्याचे वर्ष जाते.

पाथरीहून वाटा चारही दिशांना आहेत. कल्याण-निर्मल महामार्ग गावातूनच जातो. पश्चिमेला ढालेगावच्या बंधाऱ्याशी गोदावरी भेटते. उत्तरेला सेलू-मंठ्याहून लोणारचे विवर, दक्षिणेला सोनपेठमार्गे परळी. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा स्वाराच्या वाट्याला हे जुने, गावांतून जाणारे रस्तेच येतात, आणि ते चांगलेच आहे. बंधारा, कालवा ही पाटबंधारे खात्याची जागा, लोणार अभयारण्य. तिथे परवानगीशिवाय राहू नये. गावात उजेड असतानाच पोचावे, पाटलांना किंवा सरपंचांना नाव-गाव सांगावे. देवळाचा सभामंडप, शाळेचा ओटा किंवा एखाद्याचा शेतातला आखाडा, यांपैकी काहीतरी मिळतेच. विचारून उतरलेल्या पाहुण्याची राखण अख्खे गाव करते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली रात्र आपल्याच आखाड्यावर काढावी. घरी आल्यावर न लागलेली प्रत्येक वस्तू यादीतून काढावी. फक्त पंक्चर किट आणि औषधांची पेटी तेवढी ठेवावी. जे कमी पडले ते लिहावे. अशा याद्या दरवर्षी, दर ऋतूला लिहिल्या गेल्या तर काळ्या मातीच्या मुलखासाठी मराठीत पक्की माहिती तयार होईल. हे काम दुकानदाराचे किंवा हिमालयातल्या स्वाराचे नाही. जो इथल्या चिखलात गाडी ढकलत मोठा झाला, त्याचे आहे.