पाण्यांतील अदृश्य पाहुणे

परभणी जिल्ह्यांतील चुडावा व त्याच्या आसपासचा मुलूख काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. अशा खडकांतून झिरपणारें पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार बरोबर घेऊन विहिरींत उतरतें. ज्या पाण्यांत हे क्षार फार, त्यांत साबणास फेस येत नाहीं व डाळ लवकर शिजत नाहीं. म्हणून गृहिणीस तें चटकन् ओळखूं येतें. परंतु पाण्यांत शिशाचा अंश असला, तर तो रंगानें, वासानें किंवा चवीनें कळत नाहीं. भारतीय मानकानें पिण्याच्या पाण्यांत शिशाची मर्यादा लिटरमागें अवघी ०.०१ मिलिग्रॅम ठेविली आहे. इतका सूक्ष्म अंश ओळखावा कसा?

क्षार पाण्यांत विरघळला म्हणजे धातूचे विद्युद्भारित कण सुटे होतात. त्यांस आयन म्हणतात. ह्या आयनांस आपल्या पोटांत जागा देणारे रेणू रसायनशास्त्रज्ञांनीं घडविले आहेत. रेणू हा यजमान व आयन हा पाहुणा. अमेरिकेंत चार्लस पेडरसन हे दुसराच पदार्थ बनवीत असतां त्यांस थोडेसे पांढरे स्फटिक मिळाले. ते टाकून न देतां त्यांनीं तपासले. तो रेणू कड्याच्या आकाराचा असून पोटॅशियमचा आयन त्याच्या मध्यभागीं नेमका बसतो, असें आढळलें. सोडियमचा आयन लहान, म्हणून त्यास ती जागा सैल होते. हा शोध १९६७ सालीं प्रसिद्ध झाला, व १९८७ सालीं पेडरसन, डोनाल्ड क्रॅम व झाँ-मारी लेन यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां पाहुणा आला हें कळावें कसें? यजमानाच्या दारीं दिवा लावून! कांहीं पदार्थ अतिनील किरण पडतांच स्वतः दृश्य प्रकाश देतात. यास प्रतिदीप्ति म्हणतात. श्रीलंकेंत जन्मलेले रसायनज्ञ प्रसन्न द सिल्वा यांनीं १९८६ सालीं अशा कड्यास प्रतिदीप्तिमान् भाग जोडला. कडें रिकामें असतां त्यांतील नायट्रोजनचा एक इलेक्ट्रॉन त्या दिव्याकडे धांवून तो मालवितो. पोटॅशियम आंत येतांच तो इलेक्ट्रॉन जागींच गुंतून राहतो व दिवा उजळतो.

शिशासाठींही असे यजमान घडविले गेले आहेत. तांब्याच्या आयनानें मात्र पुष्कळदां दिवा उलट मंदावतो. पण तोही एक संदेशच होय. कधीं कधीं एका पाहुण्याची जागा दुसराच बळकावतो, म्हणून अशा परीक्षेचा निकाल प्रयोगशाळेंत पुन्हा पडताळणें अवश्य आहे.

निर्मळ दिसतें तें सारेंच शुद्ध नसतें. हें ध्यानांत घेऊन विद्यार्थ्यांनीं आपल्या गांवच्या विहिरीचें पाणी तपासून घेण्याविषयीं वडीलमंडळीस आग्रह करावा.